किनारा ओलांडल्यानंतरचे वादळ

चक्रीवादळाची वार्ता आपल्याकडे समुद्राची वार्ता म्हणून येते आणि बहुधा समुद्रापाशीच संपते. मच्छीमारांस इशारे दिले जातात, बंदरांवर धोक्याचे बावटे चढतात, नकाशावरील रेषा किनाऱ्यास टेकते, आणि वादळ जमिनीवर आले एवढे कळले की घाटमाथ्यावरचा माणूस संकट कोकणच्या वाट्यास गेले असे समजून आपल्या कामास लागतो. या समजुतीची खरी परीक्षा 3 जून 2020 रोजी झाली. त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ नावाच्या तीव्र चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि तेथे न थांबता ईशान्येचा रोख धरून ते सह्याद्री चढून पुणे जिल्ह्यात आले. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, झाडे उन्मळून पडली. तळेगावच्या आसपास आणि पवन मावळात गुलाबाची शेती ज्यांच्या आधाराने उभी आहे त्या पॉलिहाऊसांचे सांगाडे पिळवटले गेले. पुणे जिल्ह्यात दोघांनी प्राण गमावले.

अलिबागपासून मावळातील सोमाटणे हे गाव सरळ रेषेत सुमारे 85 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात, आणि मध्ये सह्याद्रीसारखा तट उभा असताना, वादळाचा जोर का ओसरू नये, हा प्रश्न ज्या शेतकऱ्याने आपले पॉलिहाऊस डोळ्यांदेखत कोसळताना पाहिले त्याला पडणे स्वाभाविक आहे, आणि शास्त्राने त्याचे उत्तर त्याला समजेल अशा भाषेत देणे हे कर्तव्य आहे. चक्रीवादळाचे सामर्थ्य उष्ण समुद्राच्या बाष्पातून येते: बाष्प वर चढते, थिजून त्याचे ढग होतात, त्या क्रियेत बाष्पात साठलेली सुप्त उष्णता मोकळी होते, आणि त्या उष्णतेने हलकी झालेली हवा आणखी वर जाऊन केंद्रातील वायुभार आणखी घटविते. जमिनीवर हा पुरवठा तुटतो. परंतु खुंट्यावरचा हात सुटल्यावरही जात्याची वरची तळी आणखी काही फेरे घेतेच, त्याप्रमाणे शेकडो किलोमीटर रुंदीचे ते फिरते हवामंडल तत्क्षणी थांबत नाही. किनाऱ्यावर आलेल्या अनेक वादळांच्या नोंदींवरून असे आढळते की सपाट प्रदेशात वाऱ्याचा वेग निम्मा होण्यास सुमारे सात तास लागतात. याच हिशोबाने साडेतीन तासांनी वेग सत्तर टक्के उरतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे त्याच वेळी भिंतीवर किंवा पत्र्यावर पडणारा जोर निम्मा झालेला असतो. डोंगराळ मुलखात ऱ्हास याहून शीघ्र होतो हे खरे. तथापि ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने किनाऱ्यावर आलेल्या वाऱ्याचा निम्मा जोरसुद्धा, केवळ गारठा व पाऊस अडविण्यासाठी उभारलेल्या प्लॅस्टिकच्या छतास पेलणारा नसतो. हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार ताशी 62 ते 88 किलोमीटर वाऱ्यास ‘चक्रीवादळ’ ही संज्ञा आहे, आणि सायंकाळी घाट चढून आल्यानंतरही ‘निसर्ग’ त्याच वर्गात मोडत होते.

येथे सह्याद्रीच्या दुहेरी स्वभावाकडे लक्ष दिले पाहिजे. त्याचे कडे वाऱ्याच्या तळच्या थरास अडवितात, फाडतात, त्याची सुसूत्र गती मोडतात. पण खिंडींतून आणि नद्यांच्या खोऱ्यांतून तोच वारा दाटीवाटीने शिरताना वेगवान होतो, आणि माथ्यावरच्या मोकळ्या जागी, जेथे भूपृष्ठाचे घर्षण कमी असते, तेथे वरच्या थरातील जोरकस हवा झोतांच्या रूपाने खाली उतरते. म्हणून सोमाटण्यासारख्या एकाच गावात चौराईच्या डोंगराच्या आडोशाचे घर शाबूत राहावे आणि माळावरच्या गोठ्याचे पत्रे दोन शेते ओलांडून पडावेत, यात दैवाचा भाग थोडा आणि भूरचनेचा अधिक आहे.

अशा वादळाचा माग जमिनीवर कसा काढावा? कुलाब्याच्या डॉपलर रडारने ‘निसर्ग’वर नजर ठेवली होती, आणि उपग्रहांची चित्रेही मिळत होती. परंतु रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र त्याच्याखाली वळत असते. त्यामुळे नव्वदेक किलोमीटरांवरील सोमाटण्यापर्यंत येईतो सर्वांत खालचा किरणही समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटरांवरून जातो, आणि मध्ये घाटाची शिखरे असतातच. गावाच्या छपरांना भिडणारा वारा त्याला दिसत नाही. तो मोजण्यास जमिनीवरचे वायुवेगमापकच हवे. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, ही या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली. मात्र त्यांचा उपयोग पीकविम्याच्या दाव्यांपुरता आणि वादळानंतरच्या पंचनाम्यांपुरता न राहता वादळ अंगावर येत असतानाच व्हावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

ज्याच्यापाशी कोणतेही यंत्र नाही त्यालाही पुष्कळ काही कळू शकते. एकोणिसाव्या शतकात बाईस बालो या डच शास्त्रज्ञाने सांगितलेला नियम असा की उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचे केंद्र डाव्या हातास असते. जमिनीवर घर्षणामुळे ते किंचित पुढच्या बाजूस सरकते. जूनमध्ये मावळात वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असावयाचा. तो अकस्मात आग्नेयेकडून वाहू लागला आणि पावसाची सरीमागून सर येऊ लागली, तर नैऋत्येस काही तरी घडत आहे असे समजावे. पुढे वारा दक्षिणेवरून नैऋत्येस फिरला तर केंद्र आपल्या वायव्येकडून जात आहे, आणि पूर्वेवरून ईशान्येस फिरला तर ते आपल्या आग्नेयेकडून जात आहे. पहिली बाजू अधिक धोक्याची, कारण तेथे वादळाची स्वतःची पुढे जाण्याची गती वाऱ्याच्या वेगात मिळविली जाते. दऱ्याखोऱ्यांत वारा वळतो, म्हणून हे निरीक्षण मोकळ्या माळावरून करावे, आणि झोत वाढू लागताच अर्थातच घरात यावे.

वायुभारमापकाचे वाचन मात्र जपून केले पाहिजे. सोमाटणे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने तेथे नेहमीचाच वायुभार 940 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईच्या मनुष्यास तो आकडा महाभयंकर वादळाचा वाटेल. शिवाय उष्ण कटिबंधात वायुभाराची रोज भरती-ओहोटी चालते: सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. म्हणून दुपारची घट पाहून घाबरू नये. कालच्या त्याच वेळच्या आकड्याशी ताडून पाहावे, आणि त्याहून चार-पाच हेक्टोपास्कलांनी अधिक उतार दिसला व तो थांबत नसला, तर जनावरे पत्र्याच्या छपराखालून हलवावीत.

वारा हा वादळाचा एक हिशोब. पाण्याचा हिशोब निराळ्या घड्याळाने चालतो. 26 सप्टेंबर 2021 रोजी ‘गुलाब’ हे वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. त्याचा वारा वाटेतच विरला, पण उरलेले कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणावरून मराठवाड्यावर आले तेव्हा तेथे अतिवृष्टी होऊन मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबादकडील नदीकाठची शेती पाण्याखाली गेली. ज्याला वादळ म्हणण्याचे कारणही राहिले नव्हते त्याने हा नाश केला. अमेरिकेत सप्टेंबर 2024 मध्ये ‘हेलिन’ वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले, आणि तेथून शेकडो किलोमीटर आत, उत्तर कॅरोलायनाच्या पर्वतांतील ॲशव्हिल नगरात फ्रेंच ब्रॉड नदीने 1916 सालच्या पुराची पातळी मागे टाकली. बाष्पाने भरलेली हवा डोंगर चढू लागली की ती पिळून निघते, हे तेथेही खरे आणि लोणावळ्यासही खरे.

सोमाटण्याची जागा या बाबतीत अर्थपूर्ण आहे. उत्तरेस इंद्रायणी आणि दक्षिणेस पवना, अशा दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात हे गाव आहे, आणि दोन्ही नद्यांचे उगम पश्चिमेस, जेथे वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो त्या घाटमाथ्यावर आहेत. पुण्यात शिवाजीनगरास तोच पाऊस सातशेच्या घरात असतो. म्हणजे येथील पूर येथील आभाळावरून ओळखता येत नाही. लोणावळ्याच्या बाजूच्या पाण्याचा काही भाग वळवण व शिरवट्याच्या तलावांत अडवून टाटांच्या खोपोली वीजगृहाकडे, म्हणजे पश्चिमेस, उतरविला जातो. उरलेला पूर्वेस वाहत इंद्रायणीतून तुळापुरास भीमेला मिळतो. पवनेवर धरण आहे, आणि त्याची क्षमता साडेआठ अब्ज घनफुटांच्या आसपास आहे. शंभर चौरस किलोमीटर मुलखावर 100 मिलिमीटर पाऊस पडून तो सर्व वाहून आला, तर सुमारे 35 कोटी घनफूट पाणी जमते. रिकाम्या जलाशयात ते सहज सामावते.

‘निसर्ग’ जूनच्या आरंभी आले, तेव्हा जमीन तहानलेली होती आणि जलाशयात जागा होती, म्हणून त्याची आठवण मावळात वाऱ्याची आठवण म्हणून उरली आहे. पण अरबी समुद्रातील वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असतो. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फियान’ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होतेच. पावसाळा सरल्यावर पवनेचे धरण काठोकाठ भरलेले असते, माती ओली असते, भाताची कापणी तोंडावर असते. त्या वेळी घाटमाथ्यावर पडणारे पाणी जवळजवळ जसेच्या तसे नदीत सोडावे लागेल, आणि ते पवन मावळातील शिवण्यापासून चिंचवड-सांगवीपर्यंतच्या काठांवर वारा थांबून लोक निर्धास्त झाल्यावर पोहोचेल. त्या रात्री पाटबंधारे खात्याच्या हाती माथ्यावरच्या प्रत्येक पर्जन्यमापकाचा तासातासाचा आकडा असला, आणि तो वडगाव मावळच्या तहसील कचेरीतून गावोगावच्या तलाठ्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था आजच ठरलेली असली, तर विसर्ग वाढविण्यापूर्वी नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या करण्यास काही तास हाती राहतील.