लॉजमध्ये मला कोण भेटलं?

सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात पेशंट भरती असला की सोबतच्यांना राहायला जागा शोधावी लागते. फिल्डवर्कसाठी मी अशाच एका जुन्या लॉजमध्ये खोली घेतली. खोलीत छोटा ओटा, भिंतींना ओल, आणि मे महिन्यात कूलर चालला तर चालला!

रोज दुपारी दारं वाजवून विचारायचे, "किती दिवसांचा मुक्काम?" सरासरी बरीच मोठी निघाली. मी लगेच शिफारस लिहिली: महिन्याच्या भाड्याने खोल्या द्या, स्वयंपाकाची सोय करा.

मॅनेजर काका ऐकून हसले. "मॅडम, दोन दिवसवाले तुम्हाला भेटलेच कुठं न जी? ते तर कधी येतात, कधी जातात."

काका बरोबर होते. एक काल्पनिक लॉज घ्या, दहा खोल्यांचं. पाच खोल्यांत रेडिएशनसाठी आलेली कुटुंबं, प्रत्येकी ३० दिवस. उरलेल्या पाचांत दोन-दोन दिवसांचे लोक. महिन्याभरात एकूण कुटुंबं किती? ५ आणि ७५, म्हणजे ८०. खरी सरासरी ३.७५ दिवस. पण कुठल्याही एका दुपारी गेलात तर निम्मी दारं ३० दिवसवाल्यांची, म्हणून सरासरी येते १६!

जो जास्त दिवस राहतो, तो तुमच्या हाती लागण्याची शक्यताही तेवढीच जास्त. संख्याशास्त्रात हा जुना घोळ आहे. सी. आर. राव यांनी १९६५ मध्ये अशा नमुन्यांसाठी भारित वितरणांची मांडणी केली. डेव्हिड कॉक्स यांनी १९६९ मध्ये कापडाच्या तंतूंच्या लांबीवर हेच दाखवलं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक उत्तराला मुक्कामाच्या उलट वजन द्या: ३० दिवसवाल्याला १/३०, दोन दिवसवाल्याला १/२. वरच्या उदाहरणात करून बघा, ३.७५ परत मिळतात. मात्र त्यासाठी पूर्ण मुक्काम माहीत हवा. "किती दिवस झाले?" असं विचारलंत तर अर्धवटच आकडा मिळेल. (माझ्या पहिल्या प्रश्नावलीत नेमकं तेच होतं.)

त्यापेक्षा येणाऱ्यांची नोंदच धरलेली बरी. परवानगी घेऊन मी लॉजच्या रजिस्टरमधून, नावं वगळून, फक्त येण्याच्या आणि जाण्याच्या वेळा उतरवल्या. मग काही दिवस रात्री काउंटरपाशी बसले. अपघाताचा पेशंट घेऊन मध्यरात्री पोचलेल्यांना ओटा-गॅस काहीच नको होतं. त्यांना ॲडव्हान्स न मागता एका रात्रीची खोली हवी होती. माझ्या शिफारशीत त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती. ते प्रकरण आता पुन्हा लिहितेय.