शाळेतील सुतारकाम व हाताची राखण

अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती पटाशी आणि करवत द्यावी की नाही, असे विचारले म्हणजे शहरातील पालकांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. बोट कापले तर काय, असे ते उलट विचारतात. शंका रास्त आहे व ती टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत हाच प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहतो. तेथील वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी वा कातकरी घरांतील पुष्कळ मुलांच्या हाती या वयापर्यंत कोयता येऊन गेलेला असतो. सरपण फोडणे, बांबू चिरणे, कुंपणाच्या काठ्या तोडणे ही कामे ती पाहता पाहता शिकतात. म्हणजे धारेचे हत्यार द्यावे की न द्यावे, याचा निकाल घराने केव्हाच लावून टाकला आहे. शाळेने ठरवावयाचे ते इतकेच, की त्या हाताला पुढचे शिक्षण द्यावयाचे की त्याला कोयत्यापाशीच सोडून द्यावयाचे.

सुतारकाम शिकविणे आणि इजा होऊ न देणे हे दोन वेगळे विषय आहेत, आधी नियमांची पाटी वाचून दाखवावी व मग कामास लागावे, अशी समजूत सर्वत्र आढळते. मला ती मान्य नाही. ज्या कारणाने लाकडावर काप स्वच्छ उतरतो त्याच कारणाने हातही शाबूत राहतो. लाकूड घट्ट धरलेले असणे, धार पाजळलेली असणे, अंग योग्य जागी उभे असणे, या तीन गोष्टी चांगल्या कामाच्याही आहेत आणि राखणीच्याही. ज्याला त्या येत नाहीत त्याला सुतारकाम येत नाही. मग त्याने नियम कितीही पाठ केलेले असोत.

कोयत्याचेच पाहा. डोंगरातला माणूस तो कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडीत अडकवितो. त्यामुळे चढउतार करताना दोन्ही हात मोकळे राहतात, पात्याचे तोंड कोणाकडे येत नाही आणि हत्यार कोठे ठेवले हे शोधावे लागत नाही. सुरक्षिततेवरच्या कित्येक पुस्तकांहून ही आकडी शहाणी आहे. म्हणून शिक्षकाने पहिल्या दिवशी धोक्यांवर व्याख्यान देण्याऐवजी मुलांनाच विचारावे, की बाबांनो, आकडी कशासाठी? उत्तर तीच देतील. मग भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढून त्याची जागा का ठरविली आहे, आणि सुटी होण्यापूर्वी सारी हत्यारे मोजून का घ्यावयाची, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

मात्र कोयत्याची सवय जशीच्या तशी पटाशीला चालत नाही, आणि खरी गोम येथेच आहे. कोयत्याचा घाव दुरून येतो. एका हाताने फांदी धरावी, दुसऱ्याने घाव घालावा, दोहोंत अंतर राखले म्हणजे झाले. पटाशी जवळून आणि रेटून चालते. तिच्यापुढे दुसरा हात असला व ती गाठीवरून सटकली, तर अंतर राखावयास जागाच उरत नाही. म्हणून कोयत्याच्या हाताला नवीन शिकवावयाचे ते हे, की लाकूड हाताने धरावयाचे नाही, बाकाने धरावयाचे; आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावयाचे. आपल्या स्वयंपाकघरातील विळी आठवावी. तेथे पाते पायाखाली स्थिर असते आणि भाजी धरणारे हात हलतात. येथे वस्तू स्थिर आणि हत्यार हलते. ज्याच्या लक्षात हा फरक आला त्याचे निम्मे शिक्षण झाले.

आपल्याकडील जुना सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून काम करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या पायाच्या बोटांपासून चार बोटांवर वाकस पडत असतो आणि त्याला काही होत नाही. ते कसब वर्षानुवर्षांचे आहे. सहावीच्या मुलाने त्याचे अनुकरण करू नये. त्यासाठी महागडा बाक हवाच असेही नाही. हातभर लांबीची एक जाड फळी घ्यावी. तिच्या जवळच्या टोकाला खालून आणि दूरच्या टोकाला वरून एकेक आडवी पट्टी ठोकावी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, कापावयाचा तुकडा वरच्या पट्टीला टेकतो, आणि करवतीचा रेटा हाताऐवजी पट्टीवर जातो. मुलांनी प्रथम हीच वस्तू करावी. पटाशीच्या कामाला मात्र पक्का व्हाइस किंवा क्लँप पाहिजे. तेथे काटकसर करू नये.

धारेविषयी एक विपरीत समजूत शाळांतून फार आढळते. मुलांना लागू नये म्हणून हत्यारे जरा बोथटच ठेवलेली बरी, असे मानले जाते. वस्तुतः बोथट पटाशीला जोर अधिक लावावा लागतो, जोर लावताना तोल जातो, आणि मग ती कोठे जाऊन थांबेल याचा नेम राहत नाही. धारदार पटाशी थोड्या रेट्याने चालते व हवी तेथे थांबते. म्हणून दगडावर पाणी वा तेल घालून धार लावणे हा शिक्षणाचा पहिला धडा असला पाहिजे, शेवटचा नव्हे. ज्या शाळेत हत्यारांची पेटी कुलपात बंद असते, ती वर्षातून एकदा पाहुणे आले म्हणजे उघडते आणि गंजलेली पाती दाखवून पुन्हा बंद होते, त्या शाळेत मुले सुरक्षित असतात असे म्हणता येईल; पण ती पोहावयास न उतरणाऱ्याची सुरक्षितता झाली.

हा विचार काही आजचा नाही. स्वीडनमध्ये नास येथे ओटो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्लॉइड’ नावाची हस्तकामाची पद्धत बसविली. तीत पहिले हत्यार चाकू होते, कारण खेड्यातील मुलाला तो परिचित असे. आपल्याकडे वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षणपरिषद भरली व झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत कताई-विणाईबरोबर सुतारकामही घेतले. टकली स्वस्त असल्यामुळे कताई बरीच पसरली, सुतारकाम मागे पडले. पालघर जिल्ह्यातच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांना त्यांच्या भोवतालच्या वस्तूंतूनच शिकविता येते, हे दाखविले. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे हाताने काम करता करता शिकणे हीच शिक्षणाची वाट मानली आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली घालवावेत, असे सांगितले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौदा वर्षांच्या आत प्रवेश नाही. मधल्या वर्षांत घडू शकेल ते या दहा दिवसांत.

आता करावयाचे काय? फळीवर रेघ मारणे, रेघेवर कापणे, कापलेले घासून गुण्याला लावणे, एवढे झाले तरी पुष्कळ. पाटीची चौकट, धान्य मोजावयाचे माप, पुस्तकाची घडवंची अशा घरी नेता येतील त्या वस्तू निवडाव्यात. या भागात बोहाड्याच्या उत्सवात गणपती, रावण, नरसिंह यांचे मुखवटे घालून सोंगे नाचतात. त्यांत लाकडी मुखवटेही असतात. मुलांना मुखवटा करावासा वाटणे साहजिक आहे. बाहेरचा चेहरा कोरण्यास हरकत नाही. परंतु मुखवटा हलका व्हावा म्हणून तो आतून पोखरावा लागतो, आणि पोखरताना पटाशीचे तोंड आत, म्हणजे धरणाऱ्या हाताकडे वळते. तेवढे काम जाणत्या कारागिराने करावे, मुलांनी पाहावे. विजेची करवत आणि ग्राइंडर या वयात नकोतच.

लाकूड सावर, शिवण किंवा खोक्यांचे पाइन असावे. खैर वा आईन नवशिक्याचा हात आणि धार दोन्ही थकवितो. मुलांना लाकडासाठी रानात पाठवू नये. सुतारांकडे उरलेले तुकडे पुरतात. जुन्या फळीतील खिळे आधी उपटावेत. सागाच्या भुशाने कित्येकांच्या कातडीस खाज सुटते, आणि लाकडाच्या बारीक धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. तेव्हा घासण्याचे काम ओसरीवर, मोकळ्या हवेत करावे, आणि भुसा फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावा. पायात बंद जोडे पाहिजेत. चप्पल वा अनवाणी पायावर पटाशी पडली तर तिचा दोष नाही. ओढणी खोचलेली, वेण्या बांधलेल्या, खिळे ठोकताना डोळ्यांवर चष्मा. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर हत्यारावर एका वेळी दहाच. बाकीच्यांनी आराखडा काढावा, मोजमाप करावे.

इतके करूनही बोट कापेल. तेव्हा स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि हात वर उचलून ठेवावा. जखमेत हळद, राख वा तपकीर भरू नये. धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची असते. ती मिळाली आहे की नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहून ठेवावे, जखम झाल्यावर नव्हे. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे; परंतु पाड्यावरून तेथे जावयास वाहन कोणाचे, हे शिक्षकाला नावानिशी ठाऊक पाहिजे.

राहता राहिला मुहूर्त. भाताची कापणी आटोपली आणि दिवाळी झाली, म्हणजे येथील कित्येक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात व मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे तीच मुले तेव्हा वर्गात नसतात. म्हणून हे दहा दिवस मार्गशीर्षात वा माघात ठेवण्यात अर्थ नाही. ते भाद्रपदात, पाऊस ओसरत असताना आणि कापणीचा हंगाम लागण्याआधी ठेवावेत, आणि हत्यारे त्यापूर्वी आठ दिवस पेटीतून काढून, गंज घासून, धार लावून तयार असावीत.