लुंबिनीला आपल्याच सायकलवरून

धम्मयात्रेची बस म्हटली की वस्तीतल्या बायकांना आधी पायांची सूज आठवते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी दहा-बारा दिवसांची यात्रा आणि दिवसाचे आठ-दहा तास सीटवर बसून. वाटेत संडासाची सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. परत आल्यावर लघवीची जळजळ घेऊन दवाखान्याची रांग धरतात. ज्या तथागतांनी ४५ वर्षे पायी चारिका केली, त्यांच्या जन्मस्थळी आपण पाय सुजवून पोचतो.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या घरच्या चौघांनी शेवटचा टप्पा आपल्याच सायकलींवर केला. पत्नीला मधुमेह आहे, म्हणून शेजारीपाजारी म्हणाले, "कशाला धोका घेता?" पण डॉक्टरांनी तिची साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासले आणि म्हणाले, "जा, पण आधी सहा आठवडे तयारी करा."

तयारी वस्तीतच

पत्नी चाळिशीनंतर सायकल शिकली. लोक बघतील म्हणून पहाटे विहाराच्या मागच्या मैदानात. आठवड्यातून चार दिवस आम्ही निघायचो. पहिल्या आठवड्यात ५ किलोमीटर, मग ८, १२, असे करत शेवटी २५. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तेवढा तर या सरावातच होतो.

लुंबिनीत सायकल भाड्याने मिळते, मग आपली का न्यायची? कारण अंगाला तिची सवय झालेली असते. गुडघेदुखीचे एक मोठे कारण सीटची चुकीची उंची हे आहे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. घरीच हे बसवून घेतले की परक्या गावात गुडघे कुरकुरत नाहीत.

रेल्वे आणि सरहद्द

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस गोरखपूरला जाते. सायकल पार्सल ऑफिसात तिकीट दाखवून लगेज म्हणून नोंदवावी लागते आणि ती ब्रेकव्हॅनमधून जाते. दोन-तीन तास आधी पोचा. घंटी, दिवा, पंप काढून पिशवीत ठेवा, पायडलला चिंध्या बांधा आणि नाव, फोन व स्टेशन लिहिलेला पुठ्ठा घट्ट बांधा. गोरखपूरहून नौतनव्याला पॅसेंजर गाडी आहे. नौतनव्यापासून सोनौलीची सरहद्द सात-आठ किलोमीटर, पुढे भैरहवा चारेक आणि तिथून लुंबिनी साधारण २२. सगळा तराईचा सपाट रस्ता, चढ नाही.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. मोठ्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घ्यावा, मुलांसाठी शाळेचे फोटो असलेले ओळखपत्र. सायकलीची पावती जवळ ठेवा आणि नाक्यावर सायकल दाखवून पुढे जा. नेपाळातही वाहने डावीकडूनच चालतात. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०. घड्याळ मात्र १५ मिनिटे पुढे करायचे.

आयुष्मान कार्ड सरहद्दीपलीकडे चालत नाही. म्हणून रोजची औषधे चार दिवस जास्त घ्या, डॉक्टरांची चिठ्ठीही बरोबर ठेवा. नेपाळात रुग्णवाहिकेसाठी १०२ लावतात. भारतीय सिम रोमिंगशिवाय लागत नाही, तेव्हा आधीच सोय करा.

भैरहव्याच्या पुढे

भैरहवा सोडल्यावर मुलीच्या लक्षात आले की आई बोलेनाशी झाली आहे. हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. गोळी घेतली होती, पण उशीर होईल म्हणून सकाळची पोळी अर्धीच खाल्ली होती. साखर उतरली होती. लगेच सावलीत बसवून तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली. पंधरा मिनिटांत ती सावरली, मग पोटभर खाऊनच निघालो. मधुमेह असलेल्याने उपाशीपोटी पायडल मारू नये, खिशात साखर ठेवावी आणि एकट्याने पुढे जाऊ नये. छातीत दुखले किंवा दम लागून बोलता येईना, तर तिथेच थांबायचे. उरलेला रस्ता सायकल टपावर टाकून बसने केला तरी यात्रा कमी होत नाही. मध्यम मार्ग शरीरालाही लागू आहे.

पाणी तहान लागण्याआधी प्या. घाम जास्त आला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. तराईत डास फार, संध्याकाळी पूर्ण बाह्या घाला आणि मच्छरदाणी न्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ बरा. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते, समोरचा ट्रक दिसत नाही. वैशाखी पौर्णिमेला ऊन जीवघेणे असते, तेव्हा सायकल नको.

लुंबिनीत पोचल्यावर

लुंबिनीचा आराखडा जपानी वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी १९७८ मध्ये पूर्ण केला. मधोमध लांब कालवा आणि दोन्ही बाजूंना देशोदेशींचे विहार आहेत. परिसर मोठा असल्याने तिथेही सायकल कामाला येते. मायादेवी मंदिराजवळ ती बाहेर ठेवून अनवाणी आत गेलो. शेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो इथे आला आणि बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने गावचा कर कमी केला, हे त्या दगडावर कोरलेले आहे. पत्नीने स्तंभाकडे बघत घाम पुसला आणि म्हणाली, "आले बाई मी माझ्या पायांनी."

आता ती रोज चार किलोमीटरवरच्या कामाला सायकलनेच जाते. तिची तीन महिन्यांची साखर तपासणी आधीपेक्षा बरी आली. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आहे आणि ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असे बजावले आहे.

तुमच्या विहारातून पुढच्या यात्रेची नावे लिहायला सुरुवात झाली असेल, तर आजच घरातली धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढा. हवा भरा, ब्रेक तपासा आणि रविवारी वंदनेनंतर पाच किलोमीटरची फेरी मारून या.