श्रमाची ठेवण आणि हौशी चित्रकाराचे रेखाटन
(न्हावा-शेवा परिसराच्या संदर्भात)

जिवंत माणूस समोर ठेवून रेखाटन करण्यास चित्रशिक्षणात केवढे महत्त्व आहे हे निराळे सांगावयास नको. परंतु त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे स्थिर प्रकाशाची खोली, तासन्‌तास एका स्थितीत राहणारे मॉडेल आणि चुका दाखविणारा शिक्षक, ही कलाशाळेबाहेरच्या माणसास क्वचितच लाभतात. खुद्द मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतही ती सहजासहजी आली नाहीत. शाळा १८५७ मध्ये निघाली. नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग मात्र ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, १९१९ च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत प्लॅस्टरचे पुतळे आणि वस्त्रे ल्यालेली मॉडेले यांवरच मुख्य भर होता. मग खाडीपलीकडे न्हावा-शेव्याच्या बाजूस राहणाऱ्या आणि नोकरी सांभाळून फावल्या वेळी वही उघडणाऱ्या हौशी माणसाने मनुष्याकृतीचा अभ्यास करावा तरी कसा, हा प्रश्न उरतोच.

त्याची पहिली अडचण मॉडेलच्या अभावाची नसून शाळेत लागलेल्या सवयीची आहे. महाराष्ट्रातील बहुतेक हौशी चित्रकार शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांच्या वाटेने आलेले असतात. या परीक्षांत समोर मांडलेल्या भांड्याचे वस्तुचित्र पाहून काढावयाचे असते. माणसे मात्र येतात ती स्मरणचित्रात. बाजार, पाणवठा, बसथांबा, सणाची मिरवणूक असा एखादा विषय दिला जातो आणि परीक्षार्थी ठरावीक वेळात चार-सहा आकृत्या उभ्या करतो. साहजिकच तो एक तयार माणूस पाठ करून ठेवतो: डोके अंडाकृती, हातपाय नळकांड्यासारखे, आणि देहाचा भार दोन्ही पायांवर सारखा वाटलेला. स्मरणचित्राने रचनेची दृष्टी येते, हे खरे. पण पुढे वर्षानुवर्षे, प्रत्यक्ष माणूस समोर बसला असतानाही, कागदावर उतरतो तो हाच पाठ केलेला माणूस. डोळा पाहतो एक आणि हात काढतो दुसरेच.

या तयार माणसात नेमकी उणीव असते ती वजनाची. त्यास पायाखाली जमीन नसते. गवंड्याचा ओळंबा ही उणीव भरून काढण्याचे सर्वांत स्वस्त साधन होय. उभ्या माणसाच्या गळ्याच्या खाचेतून मनाने ओळंबा सोडला असता तो भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्यावर येतो. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. घारापुरीची लेणी न्हाव्याहून समोरच दिसणाऱ्या बेटावर आहेत, ही या परिसरातील अभ्यासकास लाभलेली मोठीच सोय आहे. तेथील नंदीवर हात टेकलेल्या अर्धनारीश्वराच्या देहाचा बाक याच नियमाने पाहावा. अनेक मूर्तींचे खालचे भाग भंगलेले आहेत. परंतु अभ्यासकास ती हानी एका परीने उपकारकच ठरते, कारण न दिसणाऱ्या पायावर भार कसा पडला असेल हे कंबरेवरून आणि खांद्यांवरून ताडावे लागते.

दगडाची मूर्ती हलत नाही, माणूस हलतो, ही पुढची अडचण. तिचे उत्तर श्रमाच्या स्वरूपातच आहे. श्रमाची हालचाल पुनःपुन्हा तीच येते. खाडीच्या काठाने पाग फेकणारा माणूस कंबरेतून मागे वळतो, जाळे सोडतो, हात उघडे ठेवून क्षणभर पुढच्या पायावर थांबतो, आणि काही वेळाने पुन्हा तेच करतो. मिठागरात मीठ ओढणाऱ्याची पाठ दर खेपेस त्याच कोनात वाकते. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण चालू लागली की चुंबळीपासून टाचेपर्यंत एकच उभी रेषा राहते. डोके जवळजवळ हलत नाही, हालचाल सारी कंबरेत असते. म्हणून एका पानावर एकच आकृती पुरी करण्याचा हट्ट सोडून पाच-सहा आकृत्या आरंभाव्यात आणि अर्ध्यावर सोडाव्यात. ती स्थिती परत आली की त्या त्या आकृतीकडे वळावे. कलाशाळेतील मॉडेल वीस मिनिटे स्थिर राहते. येथील मॉडेल वीस वेळा परत येते, एवढाच काय तो भेद. किंबहुना पगारी मॉडेलने हाती रिकामी पाटी धरून आणलेला आव आणि भरलेल्या पाटीने मानेस आणलेला ताण यांत हा दुसराच अधिक शिकवितो. जमशेटजी जीजीभाई शाळेत १८६५ पासून शिकविणारे लॉकवुड किप्लिंग यांनी १८७० च्या आसपास वायव्य प्रांतातील कारागिरांची जी रेखाटने केली, त्यांचेही बळ यातच आहे. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांतील माणसे चित्रासाठी बसलेली वाटत नाहीत. ती आपल्या कामात असतात.

एका जागी बसून होणारे काम हौशी चित्रकारास सोपे वाटते. वस्तुतः ते अधिक कठीण असते. पाय समोर पसरून जाळे सांधणारा कोळी घ्यावा. पाहणाऱ्याच्या बाजूस आलेले त्याचे तळवे डोक्याएवढे किंवा त्याहूनही मोठे दिसतात आणि मांड्या जवळजवळ नाहीशा होतात. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तील चित्रसूत्राने यास क्षय आणि वृद्धी अशी संज्ञा दिली असून देहाची नऊ स्थाने सांगितली आहेत. शास्त्र पुरातन असले तरी हाताचा विरोध आजही तोच आहे: पाय लांब असतो हे बुद्धीस ठाऊक असल्यामुळे हात तो लांबच काढू पाहतो. पेन्सिल हात ताठ ठेवून डोळ्यांसमोर धरावी, तिच्यावर अंगठ्याने माप घ्यावे आणि बुद्धीवर विश्वास ठेवू नये.

आता, ज्या श्रमांचा येथे उल्लेख झाला त्यांचे या किनाऱ्यावरील स्थान पूर्वीचे राहिलेले नाही. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी या भागातील जमिनी संपादन होऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा येथे झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्याची वस्ती त्यासाठी उठली. आगर आणि आगरी हे शब्द परस्परांस लागून आहेत. मिठागर बुजले की मीठ ओढणाऱ्या पाठीचा तो विशिष्ट बाकही जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही भूसंपादनाच्या कागदात नसते. राव बहादुर धुरंधर यांनी ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी स्त्रियांची जी चित्रे काढली, त्यांतील नेसण आणि दागिने आज अभ्यासकांस उपयोगी पडतात. तथापि नेसण छायाचित्रातही सापडते. भार पेलताना देह कोठे ताणला जातो आणि कोठे सैल राहतो, हे मात्र रेखाटणारा निवडून दाखवितो.

बंदराने दिलेली नवी स्थिती आहे ती थांबण्याची. बंदराच्या आत वही काढणे सुरक्षेच्या दृष्टीने शक्य नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. पण बाहेरच्या रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांच्या सावलीत चालक निजलेले असतात, चहाच्या टपरीवर उकिडवे बसलेले असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास जाणाऱ्या लाँचमध्येही माणसे पेंगतात. निजलेल्यास सचेतन आणि मृतास अचेतन दाखवील तोच चित्रज्ञ, अशा आशयाची कसोटी चित्रसूत्राने घातली आहे. तिच्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण.

निजलेल्याची संमती घेता येत नाही, म्हणून तेथे चेहरा ओळखू येईल असा काढू नये. जागे असलेल्यास मात्र आधी विचारावे आणि पान दाखवावे. कोळीवाड्यातील बाईस टक लावून पाहणाऱ्या परक्याचा राग आला तर तो रास्तच होय. शिवाय दाखविण्याचा लाभ चित्रकाराचाच आहे. प्रमाण, छायाप्रकाश यांविषयी ती काही बोलणार नाही. पण पाटीला आधार देणारा हात चुकीच्या जागी पडला असेल तर अशाने मासळी सांडेल हे ती तत्काळ सांगेल. ती दुरुस्ती त्याच पानावर, जुनी रेषा न खोडता करावी, आणि कोपऱ्यात तारीख, जागा व भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवावी.