अवघड जागेचे दुखणे

मिस्सा आटोपल्यावर एखादी भगिनी दाराशी घुटमळते आणि हलक्या आवाजात म्हणते, "फादर, ह्यांना खालच्या जागी त्रास आहे. डॉक्टरकडे चला म्हटले तर ऐकत नाहीत. काय करू?" आम्ही प्रथम एवढेच विचारतो, "त्यांची साखर तपासली आहे का?"

चाळिशी उलटलेल्या पुरुषाच्या शिश्नाच्या पुढच्या कातडीला खाज सुटणे, बारीक चिरा पडणे, आत पांढरा साका जमणे आणि हळूहळू कातडी मागे सरेनाशी होणे, ही पुष्कळदा मधुमेहाची पहिली वर्दी असते. रक्तात साखर फार वाढली की ती लघवीत उतरते. कातडीखाली ओल राहते आणि त्या गोड ओलीत बुरशी फोफावते. ओल व ऊब मिळाली की धान्यालाही बुरशी धरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक भरली, तर खात्रीसाठी पुन्हा तपासतात. साखर आटोक्यात आली नाही, तर मलम लावूनही दुखणे उलटते.

घरी काय पाळावे?

१. ती जागा रोज साध्या पाण्याने धुऊन हलकेच कोरडी करावी. साबण, जंतुनाशक, हळद, चुना लावू नये.

२. फवारणी करून आल्यावर लघवीला जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

३. दुकानातली 'सर्व खाजेवरची' ट्यूब मनाने आणू नये. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. खाज दबते, बुरशी बळावते. योग्य मलम डॉक्टरच देतील.

४. पत्नीलाही खाज असेल, तर तिनेही तपासून घ्यावे. बरे होईपर्यंत शरीरसंबंध टाळावा.

५. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते व हा त्रास वाढू शकतो. गोळी आपण होऊन बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

मागे सरलेली कातडी पुढे येईना, सूज चढली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. न भरणारी जखम वा गाठ कर्करोगाचीही असू शकते. तेथे दिरंगाई नको.

कातडी आवळूनच राहिली, तर सर्जन ती छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. "ही तर सुंता! आपल्याला चालते का?" असे काहीजण विचारतात. तारणासाठी सुंतेची गरज नाही, हे प्रेषितांनी यरुशलेमेत ठरविले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). आजारासाठी केलेली शस्त्रक्रिया हा धर्मविधी नव्हे. निःशंक मनाने करावी.

भगिनींनो, हा त्रास म्हणजे नवऱ्याच्या वाईट चालीचा पुरावा नव्हे. संशय घेऊ नका आणि चारचौघांत विषयही काढू नका. बंधूंनो, एस.टी. स्टँडच्या भिंतीवरील 'गुप्तरोग' वैद्यांच्या पाट्यांना भुलू नका. सुखदुःखात साथ देण्याचे वचन तुम्ही दोघांनी वेदीसमोर दिले आहे. दवाखान्यातही दोघांनी मिळून जावे.