पेग्मटाइट : रत्ने घडायला किती काळ लागतो?

गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर आपण चढला असाल, तर हैदराबादच्या ग्रॅनाइटवर पाय ठेवूनच चढला आहात. हा खडक सुमारे 250 कोटी वर्षांचा. जवळ जाऊन पाहा: करडी, काचेसारखी गार, पांढरट किंवा गुलाबी फेल्स्पार आणि काळे अभ्रक. दाणे फार तर हरभऱ्याएवढे. पण शहराभोवतीच्या काही टेकड्यांवर याच खडकातून वीतभर किंवा हातभर रुंदीचा पट्टा आरपार गेलेला दिसतो आणि त्यात तेच फेल्स्पार मुठीएवढे असते. हा पट्टा म्हणजे पेग्मटाइट. (गोवळकोंड्याचे हिरे येथे आठवतील, पण त्यांचा या खडकाशी संबंध नाही. ते कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतले, गोवळकोंडा ही त्यांची पेठ.)

शाळेत आपण एक नियम शिकलो: शिलारस जितका सावकाश निवतो, तितके स्फटिक मोठे. त्या हिशेबाने पेग्मटाइट घडायला लाखो वर्षे लागायला हवीत. अमेरिकेतील साउथ डकोटाच्या एटा खाणीत स्पॉड्युमीनचा 40 फुटांहून लांब स्फटिक सापडला होता. त्याला किती युगे लागली असतील, असे कोणालाही वाटेल. पण हा नियम येथे फसतो, आणि तो कसा फसतो हेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

त्यासाठी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परगण्यात जावे लागेल. तेथे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी पेग्मटाइटच्या पातळ शिरा गॅब्रोसारख्या काळ्या खडकांत घुसल्या. तो खडक तोवर बराच निवलेला होता. मीटर-दोन मीटर जाडीची उष्ण शीर थंड खडकात शिरली, तर ती लाखो वर्षे गरम राहणार कशी? उष्णता वाहण्याचे गणित मांडले, तर अशी शीर महिनाभरातच गोठते असे उत्तर येते. आणि याच शिरांत बोटभर लांबीचे गुलाबी तोरमल्लीचे स्फटिक आहेत!

हे समजायला मूळ ग्रॅनाइटकडे वळू. शिलारस गोठू लागला की गार, फेल्स्पार आणि अभ्रक आपापल्या सोयीची मूलद्रव्ये उचलतात. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, सीझियम यांना त्या स्फटिकांत फारशी जागा मिळत नाही. फ्लोरिन, फॉस्फरस आणि पाणी यांचेही बरेचसे तसेच. ती सारी उरलेल्या रसात साठत जातात. बेरिलियम पृथ्वीच्या कवचात दहा लाख भागांत दोन-तीन भागच असते. ग्रॅनाइटचा फार मोठा साठा गोठल्यावर शेवटच्या थोड्या रसात ते एवढे जमते की वैडूर्याचा स्फटिक होऊ शकतो.

या उरलेल्या रसाचा गुण सोनाराला सांगावा लागत नाही. मुशीत चिमूटभर टाकणखार टाकला की वरचा मळ कमी आचेवर वितळून वाहू लागतो. टाकणखार हा बोरॉनचाच क्षार. बोरॉन, फ्लोरिन, फॉस्फरस, लिथियम आणि पाणी यांनी भरलेला शिलारसही असाच, ग्रॅनाइट गोठून जाईल अशा तापमानालाही द्रवच राहतो.

पुढची गोष्ट स्वयंपाकघरातली. पाक घोटला तर ठिकठिकाणी कण धरतात आणि त्याचा रवा होतो. तोच पाक न हलवता दोरा सोडून ठेवला, तर मोजकेच खडे धरतात आणि सारी साखर त्यांच्यावर चढून खडीसाखर होते. दाण्यांचा आकार निव्वळ वेळेवर नव्हे, तर किती ठिकाणी सुरुवात झाली यावरही ठरतो. ओक्लाहोमा विद्यापीठाचे डेव्हिड लंडन यांनी प्रयोगशाळेत दाखवले की, पेग्मटाइटचा रस गोठणबिंदूच्या बराच खाली, साधारण 450 अंश सेल्सियसपर्यंत जाऊनही स्फटिक धरायला कचरतो. मग मोजके धरतात आणि भराभर वाढतात. त्याआधी, 1969 मध्ये, जान्स आणि बर्नहॅम यांनी मोठ्या स्फटिकांचे श्रेय रसातून वेगळ्या झालेल्या पाण्याला दिले होते. पाण्याचा वाटा आहेच, पण माझ्या मते तो शेवटी येतो.

तोरमल्लीनेच ते कळते. शिरेच्या कडेकडे तिचे स्फटिक काळे असतात, कारण तेव्हा रसात लोह शिल्लक असते. लोह संपत आले की लिथियमची तोरमल्ली घडते आणि थोड्या मँगनीजने ती गुलाबी होते. या वाढीत बोरॉन खर्ची पडतो, त्यामुळे रसाला पाणी धरून ठेवता येत नाही. ते सुटते, पोकळ्या होतात आणि त्या मोकळ्या जागेत स्फटिकाला नितळ पैलू येतात. मेसा ग्रँडेच्या हिमालया खाणीतील अशीच गुलाबी तोरमल्ली चीनच्या राजमाता त्सु-शी यांच्या दरबारी जाई. 1912 मध्ये ते राज्य गेले आणि खाणीचे गिऱ्हाईकही.

आपल्या टेकडीवरच्या पट्ट्यात असे काही शोधायला जाऊ नका. एवढी छाननी होऊन रस उरण्याचा योग बहुतेक पेग्मटाइटांच्या वाट्याला येत नाही. त्यांत गार आणि फेल्स्पार एवढेच असते. तेलंगणातील असे फेल्स्पार खणून चिनी मातीची भांडी आणि फरश्या बनवणाऱ्या कारखान्यांकडे जाते.