गाठींचे गणित

निरगाठ कोणती आणि सुरगाठ कोणती, हे आजीबाईंना शाळेत न जाताही कळते. परंतु दोन गाठी खरोखर भिन्न आहेत, की एकच गाठ दोन रूपांनी दिसते आहे, हे सिद्ध करा म्हटले तर भल्याभल्या गणितज्ञांची मती गुंग होते. असल्या रिकामटेकड्या वाटणाऱ्या प्रश्नांवर समाजाने पैसा का खर्चावा, असे पुष्कळांच्या मनात येते. या शंकेचा विचार आम्ही गाठींच्याच इतिहासावरून करणार आहोत.

दोरीला गाठ मारून तिची दोन्ही टोके एकमेकांस जोडली की गणितज्ञांची गाठ तयार होते. दोरी न कापता, नुसती ओढून-सरकवून, एका गाठीची दुसरी करता आली तर त्या दोन्ही एकच. हा विचार पुढे आणला तो मात्र पदार्थविज्ञानाने. सर्व विश्व ‘ईथर’ नावाच्या सूक्ष्म द्रव्याने भरले आहे, अशी त्या काळी समजूत होती. अणू म्हणजे या ईथरमधील भोवऱ्यांची कडी होत, अशी कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1867 मध्ये मांडली. मग जितक्या प्रकारच्या गाठी तितकी मूलद्रव्ये! त्यांचे स्नेही टेट गाठी मोजावयास बसले. दोरी स्वतःला जेथे ओलांडते त्या जागेला आपण छेद म्हणू. तीन छेदांची गाठ एक, चारांची एक, पाचांच्या दोन, सहांच्या तीन आणि सातांच्या सात; आरशातील प्रतिबिंब वेगळे धरावयाचे नाही. एवढी यादी 1877 पर्यंत झाली.

पुढे 1887 मध्ये मायकेलसन व मोर्ले यांच्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही, आणि कालांतराने ही कल्पनाच मोडीत निघाली. पदार्थवैज्ञानिकांनी गाठी टाकून दिल्या. गणितज्ञांनी त्या उचलल्या. काम किती कठीण होते पाहा. दहा छेदांच्या दोन गाठी कित्येक दशके याद्यांत भिन्न म्हणून छापल्या जात होत्या. त्या एकच आहेत हे 1974 मध्ये दाखवले ते केनेथ पर्को या न्यूयॉर्कच्या वकिलाने!

व्हॉन जोन्स हे न्यूझीलंडचे गणितज्ञ गाठींचा अभ्यास करीतच नव्हते. पुंजवादाच्या प्रेरणेने निर्माण झालेल्या एका अमूर्त बीजगणितात ते गढलेले होते. 1984 मध्ये त्यांना त्यातून प्रत्येक गाठीला एक बहुपदी जोडून देण्याची रीत सापडली. बहुपदी वेगळी आली की गाठ वेगळी, हे निश्चित. त्या बहुपदीचा अर्थ 1989 मध्ये एडवर्ड विटन यांनी पुंजक्षेत्रांच्या भाषेत सांगितला. 1990 मध्ये दोघांनाही फील्ड्स पदक मिळाले. पदार्थविज्ञानाने टाकलेले मूल शंभर वर्षांनी घरी परतले, ते असे.

आता आपल्या शरीराकडे वळू. एका पेशीतील डीएनएचे धागे टोकाला टोक लावून ठेवले तर सुमारे दोन मीटर भरतात, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात मावतात. प्रत्येक धागा दोन पेडांचा, पिळलेला. पेशी दुभंगण्यापूर्वी हे पेड सोडवावे लागतात. एरवी गुंता होऊन पेशी मरेल. हे काम करणारे पहिले एन्झाइम 1971 मध्ये जेम्स वँग यांनी जिवाणूत शोधले. असे एन्झाइम पेड कापते, पीळ उलगडू देते आणि पुन्हा सांधते. दुसऱ्या एका जातीचे एन्झाइम दोन्ही पेड कापून त्या फटीतून दुसरा धागा पार करते. डीएनएवर काम करणारी काही एन्झाइमे नेमके काय करतात हे डोळ्यांनी दिसत नाही. पण त्यांनी डीएनएच्या कड्यांत पाडलेल्या गाठी पाहून त्यांची करणी गणिताने ताडता येते. अर्न्स्ट व समनर्स यांनी 1990 मध्ये हे करून दाखवले.

हीच एन्झाइमे अडवली की पेशी मरते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जिवाणूंच्या एन्झाइमांना अडवते. एटोपोसाइड कर्करोगाच्या पेशींत तेच करते. आपल्या सह्याद्रीच्या रानातील नरक्या वृक्षातही कॅम्पटोथेसिन हे असेच द्रव्य आहे. त्यापासून बनवलेली औषधे कर्करोगावर वापरली जातात. त्यापायी नरक्याची तोडही बेसुमार झाली.

येथे अतिशयोक्ती नको. ही औषधे टेट यांच्या याद्यांतून निघालेली नाहीत. ती जीववैज्ञानिकांच्या व रसायनज्ञांच्या श्रमांचे फळ आहे. प्रत्येक निरुपयोगी प्रश्न पुढे उपयोगी ठरतो असेही नाही. पण पेशीतला गुंता समजून घ्यावयाची वेळ आली तेव्हा गाठींची भाषा तयार होती. उपयोग विचारून पैसा दिला असता, तर ती तयार नसती. ईथर गेला, केल्व्हिन यांचे अणू गेले. सात छेदांच्या गाठी मात्र आजही सातच आहेत.